दुकान रंगविण्याआधी दप्तर बाहेर काढा

दुकानाला रंग द्यायचा ठरला की आपण काय करतो? रंगारी येण्याच्या आदल्या रात्री गल्ल्याखालच्या वह्या, उधारीचे खाते, पावत्यांच्या फायली, भिंतीवरचे लायसन्स, सारे काही उतरवून घरी नेतो. "तू रंग दे, आणि जमलेच तर वह्यांवर डाग पडू देऊ नकोस," असे रंगाऱ्याला कोणी सांगत नाही. हा साधा व्यवहार आपल्या आजोबांनाही ठाऊक होता. पण वही संगणकात गेली आणि हा व्यवहार आपण विसरलो, असे आम्हाला अलीकडे वारंवार दिसू लागले आहे.

निमित्त असे की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा बंद केला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नाव नोंदवून घेण्याची सोय घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झाली. पण ती सोय म्हणजे तात्पुरती डागडुजी. ज्यांची यंत्रे जरा नवी आहेत ते 'विंडोज ११' टाकून घेत आहेत. ज्यांची जुनी आहेत त्यांना ती टाकताच येत नाही, कारण विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची चिप लागते आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यांना यंत्रच बदलावे लागते. कसेही असो, पुण्यात टिळक रस्ता आणि सदाशिव पेठेतील संगणकाच्या दुकानांकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची पावले वळत आहेत. सीपीयूचा डबा स्कूटरच्या फळीवर ठेवायचा, दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळून पेठेत पोहोचायचे आणि संध्याकाळी नवे कोरे यंत्र घेऊन परतायचे. यंत्र नवे होते हे खरे. आतले दप्तर परत येते की नाही, हा आमचा आजचा विषय आहे.

एक घडलेली गोष्ट

आमच्या परिचयाचे एक छापखानदार आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानांच्या पाट्या असा त्यांचा व्यवसाय. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील काम करणारे म्हणून पूर्वेकडच्या पेठांत त्यांचे नाव आहे. लग्नसराईच्या आधी यंत्र फार मंद चालू लागले, म्हणून त्यांनी ते सदाशिव पेठेतील एका दुकानात नेले. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "काका, डेटा ठेवायचाय ना?" त्यांनी उत्तर दिले, "हो रे बाळा, माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे." मुलाने डी ड्राइव्हला हात लावला नाही, सी ड्राइव्ह 'फॉरमॅट' केला आणि त्यावर नवी विंडोज टाकून दिली. दिल्या शब्दाप्रमाणे त्याने काम केले.

दुकानात आल्यावर कळले की 'सगळे' डी ड्राइव्हमध्ये नव्हते. डिझाइनच्या फायली तिथे होत्या, त्या वाचल्या. पण चालू कामे पडद्यावरच, म्हणजे 'डेस्कटॉप'वर, ठेवलेली होती, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. टॅलीचे हिशेबही सी ड्राइव्हमध्ये होते. जमविलेले फाँट तिथेच होते. दुसऱ्या दिवशी ते धावत पेठेत गेले. मुलाने प्रयत्न केला, पण यंत्रात नव्या धर्तीची एसएसडी होती. अशा डिस्कवर पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर मोकळी करून टाकते. जुन्या फिरत्या डिस्कवर जशी पुसलेली फाईल पुष्कळदा परत मिळे, तशी आशा इथे फार थोडी असते.

वार्षिक ताळेबंद कर सल्लागाराकडे होते. जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवर होती. ती कागदपत्रे मिळाली. मिळाली नाही ती उधारी. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाकी, कोणी कधी किती उचल दिली, हा तपशील सरकारी पोर्टलवर नसतो. आमचे स्नेही महिनाभर दारोदार फिरले आणि लोकांनाच विचारत राहिले, "तुमच्याकडे माझे किती येणे आहे?" बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. काहींना 'आठवले नाही'. पैशापेक्षा त्यांना जे लागले ते हे की, आपलेच येणे विचारायला आपण याचकासारखे उभे राहिलो.

चूक कोणाची?

ही हकीकत आम्ही चारचौघांत सांगितली तेव्हा बहुतेकांचे मत पडले की चूक त्या मुलाची. आम्हाला हे पटत नाही. मुलाने विचारले होते, उत्तर आमच्या स्नेह्यांनी दिले होते, आणि ते चुकीचे होते. दुरुस्तीच्या दुकानांतून मिळणाऱ्या पावत्या उलटून पाहा. 'डेटाची जबाबदारी आमची नाही' अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरात बहुधा छापलेली असते. ती ओळ वाचून राग येतो खरा. पण थंड डोक्याने विचार केला तर ती खरीच आहे. तुमच्या धंद्याचा कोणता कागद कुठे आहे हे त्या मुलाला कसे कळणार? ते मालकालाच ठाऊक असायला हवे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्राची जबाबदारी कारागिराची, दप्तराची जबाबदारी मालकाची. दप्तराची नक्कल बाहेर काढून, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज संगणक कोणाच्याही हाती देऊ नये. मग तो मुलगा कितीही हुशार असो, दुकान कितीही जुने असो, की आपला सख्खा भाचा असो.

सी आणि डी यांचा घोळ

आपल्या बांधवांत एक समज घट्ट बसला आहे की, सी ड्राइव्ह विंडोजचा आणि डी ड्राइव्ह आपला, म्हणून डी मध्ये ठेवलेले सुरक्षित. हा समज अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. बहुतेक यंत्रांत सी आणि डी या दोन डिस्क नसतात. एकाच खोलीला मध्ये फळ्या ठोकून केलेले ते दोन कप्पे असतात. खोलीला आग लागली तर दोन्ही कप्पे जातात. शिवाय नवी विंडोज टाकताना पडद्यावर सी-डी अशी ओळखीची नावे दिसत नाहीत. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन १, पार्टिशन २' अशी यादी येते. घाईत एक ओळ खाली-वर झाली की भलताच कप्पा पुसला जातो.

दुसरे असे की, विंडोज टाकण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला 'अपग्रेड'. यात जुन्या विंडोजवरच नवी चढते आणि फायली व प्रोग्राम सहसा जागेवर राहतात. दुसरा 'क्लीन इन्स्टॉल', ज्याला आपण फॉरमॅट मारणे म्हणतो. यात जमीन साफ करून नवी इमारत उभी राहते. याखेरीज विंडोजमध्येच 'रीसेट' नावाची सोय आहे. तीत 'माझ्या फायली ठेवा' असा पर्याय मिळतो, पण प्रोग्राम मात्र निघून जातात. 'माझ्या फायली' म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक जागांतील फायली. एखाद्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामने स्वतःच्याच फोल्डरमध्ये माल ठेवला असेल तर तो त्या व्याख्येत बसेलच असे नाही.

अपग्रेड झाल्यावर जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाच्या फोल्डरमध्ये काही काळ पडून असते. मागे फिरण्याची मुदत साधारणपणे १० दिवसांची असते. त्यानंतर यंत्र तो फोल्डर आपोआप झाडून टाकते. फायली हरवल्याचे ११ व्या दिवशी ध्यानात आले तर उपयोग नाही. आणि डिस्क आधीच फॉरमॅट केली असेल तर हा फोल्डर तयारच होत नाही.

'अपग्रेडमध्ये फायली जात नाहीत, मग एवढी धास्ती कशाला?' असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही २०१८ सालची आठवण करून देऊ. त्या वर्षी २ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची '१८०९' या क्रमांकाची सुधारित आवृत्ती जगभर सोडली. ती चढविल्यावर काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फायलीच नाहीशा झाल्या. काही दिवसांतच कंपनीला ती थांबवावी लागली. कारण असे निघाले की, ज्यांनी आपला डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर, हलविला होता, त्यांच्या जुन्या जागी राहून गेलेल्या फायली नव्या आवृत्तीने फालतू समजून पुसल्या. दुरुस्त आवृत्ती पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. कंपनीचे म्हणणे होते की, फायली खरोखर गेल्याच्या तक्रारी एकूण संख्येच्या एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्याच होत्या. असतील. पण ज्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले त्याला या टक्केवारीचे काय समाधान? ज्याने सावधगिरी म्हणून फायली डी वर हलविल्या तोच इथे अडकला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

आपला माल कुठे ठेवलेला असतो

आता धंद्यागणिक पाहू. टॅलीवाल्यांनी आधी आपला डेटा कुठे आहे ते शोधावे. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा मार्ग दिसतो. जुन्या टॅलीत तो बहुधा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये 'डेटा' नावाने असे. टॅलीप्राइममध्ये तो सर्वसाधारणपणे सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स', त्यात 'पब्लिक', त्यात 'टॅलीप्राइम', त्यात 'डेटा' असा खोल दडलेला असतो. आत नुसत्या आकड्यांच्या नावांचे फोल्डर दिसतात. त्या आकड्यांना कचरा समजू नये, प्रत्येक आकडा म्हणजे एका कंपनीचे खाते आहे. टॅलीत 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' या दोन्ही आज्ञा आहेत, त्यांचा वापर करावा. यंत्र बदलत असाल तर जुन्या यंत्रावरचे लायसन्स आधी 'सरेंडर' करावे, म्हणजे नव्यावर चालू करताना अडचण येत नाही. आणि 'टॅली व्हॉल्ट'चा परवलीचा शब्द लावला असेल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. तो विसरला तर नक्कल हातात असूनही उपयोग नाही.

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या कारखानदारांनी एक फरक ओळखावा. यंत्राला दिली जाणारी 'डीएसटी' फाईल म्हणजे नुसती टाक्यांची यादी असते. मूळ नक्षी ज्या फाईलमध्ये असते, जिच्यात आकार लहान-मोठा करता येतो, टाक्याची जात बदलता येते, ती वेगळी असते. पुष्कळांच्या पेनड्राइव्हवर डीएसटी असते, मूळ फाईल फक्त संगणकात. संगणक गेला की यंत्र चालते, पण गिऱ्हाइकाने 'हीच बुट्टी जरा मोठी करा' म्हटले की उस्ताद हात टेकतो. नक्कल दोन्हींची हवी.

छपाई आणि फ्लेक्सच्या धंद्यात खरा घात फाँट करतात. युनिकोड रुळण्याआधी मराठीचे जे फाँट बाजारात आले, त्यांत प्रत्येक कंपनीने आपापली अक्षर-रचना केली होती. फाईलमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठविलेलाच नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराचा सांकेतिक आकडा साठवून, फाँट त्यावर 'क' चा मुखवटा चढवीत असे. फाँट गेला की मुखवटा उतरतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अनेकजण अशा वेळी फाईल बिघडली समजून ती टाकून देतात. फाईल शाबूत असते, हरवलेला असतो तो फाँट. म्हणून 'विंडोज' फोल्डरमधील 'फाँट्स'ची नक्कल न विसरता घ्यावी. विंडोज १० च्या उत्तरार्धापासून काही फाँट त्या-त्या वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरमध्येही बसतात, तेही पाहावेत.

उर्दू पत्रिका करणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. इनपेजच्या फायली इनपेजमध्येच नीट उघडतात. जुन्या आवृत्तीत केलेले काम नव्या यंत्रावर, नव्या आवृत्तीत उघडते की नाही, अक्षरे जागेवर राहतात की नाही, हे यंत्र बदलण्याआधी तपासावे, नंतर नाही. ज्या प्रोग्रामला मागच्या बाजूला लावायचे 'लॉक' लागते, त्याला नव्या यंत्रात जागाच नाही असेही घडते. पूर्वी कातिबाने लिहिलेली प्रत कागदावर असे. ती जुनी झाली तरी डोळ्यांना वाचता येई. संगणकातील प्रत प्रोग्रामच्या डोळ्यांनीच वाचावी लागते. यावर एक सोपा उपाय आहे. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फाँट बहुधा आतच बसलेला असतो, त्यामुळे मूळ प्रोग्राम नसला तरी मजकूर जसाच्या तसा दिसतो आणि छापताही येतो.

यांशिवाय लहानसहान वस्तू राहून जातात: ईमेलचा साठा, ब्राउझरमधील पासवर्ड, प्रिंटरची व्यवस्था, प्रोग्रामांचे लायसन्स क्रमांक. आम्ही एक युक्ती सुचवितो. यंत्र देण्याआधी डेस्कटॉपचा, प्रोग्रामांच्या यादीचा आणि मुख्य फोल्डरांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काय होते हे आठवण्याचे काम तो फोटो करतो.

एक नवा धोकाही सांगावासा वाटतो. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने यंत्र नव्याने चालू केले की पुष्कळ यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागते. त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. दुकानातील मुलाने स्वतःच्या किंवा कुठल्या तरी तात्पुरत्या खात्याने यंत्र चालू करून दिले, तर किल्ली त्या खात्यात जाते आणि आपण बाहेर राहतो. म्हणून यंत्र ताब्यात घेताना 'खाते कोणाचे लावले?' हे विचारावे, ते आपल्याच नावाचे करून घ्यावे आणि किल्ली कागदावर उतरवावी.

नक्कल कशी असावी

एक नक्कल म्हणजे नक्कल नव्हे. छायाचित्रकार आणि संगणकवाले जगभर जो नियम पाळतात तो असा: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत. आपल्या भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकात, एक पोर्टेबल हार्ड डिस्कवर, आणि एक घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात.

दुसरी वास्तू कशाला, हे पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नसावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवशी ज्यांच्या वह्या आणि वह्यांच्या नकला एकाच माडीखाली होत्या, त्यांच्या दोन्ही गेल्या. अलीकडे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हाही पाणी तळमजल्यांवर चढले. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर ठेवणाऱ्याने या दोन तारखा आठवाव्यात. चोरी आणि शॉर्टसर्किटला तर धरण फुटावे लागत नाही.

त्याच सदाशिव पेठेत, जिथे आपण यंत्रे दुरुस्तीला नेतो, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे मोडी आणि फारसी कागद शेकडो वर्षांनंतरही वाचता येतात, कारण कोणीतरी ते रुमालांत बांधून, यादी करून, सांभाळून ठेवले. कागदाला थोडी हेळसांड सोसते. संगणकातील दप्तराला तीही सोसत नाही, ते एका बटणात जाते. म्हणून सांभाळण्याची शिस्त कागदाच्या काळापेक्षा आज जास्त हवी.

नक्कल घेतल्यावर तीन गोष्टी न चुकता कराव्यात. पहिली, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. शेजाऱ्याच्या नाहीतर कर सल्लागाराच्या संगणकावर टॅलीची नक्कल रिस्टोअर करून शेवटच्या दिवसाची बाकी जुळते का ते बघावे, दोन-चार डिझाइने उघडावीत. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रपट कंपनीत 'टॉय स्टोरी २' या कार्टूनपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे त्याच दिवशी कळले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरी एक प्रत होती, तिने काम वाचविले. एवढ्या मोठ्या कंपनीला घरच्या प्रतीने तारले, मग आपण कोण?

दुसरी, दुरुस्तीला जाताना बॅकअपची डिस्क सोबत नेऊ नये, आणि घरीच विंडोज टाकत असाल तर ती आधी काढून ठेवावी. लावलेली राहिली तर तीही त्या 'ड्राइव्ह १'च्या यादीत येते आणि चुकून पुसली जाते. एरवीही ती कायम जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक बंद पाडले. असे विषाणू यंत्राला जोडलेल्या डिस्कनाही कुलूप घालतात.

तिसरी, 'गुगल ड्राइव्हवर आपोआप जाते' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. फुकटात तिथे १५ जीबी जागा मिळते, ती हिशेबाला पुरते, डिझाइनला पुरत नाही. आणि आपोआप जुळविण्याची सोय ही आरशासारखी असते. इथे पुसले की तिथेही पुसले जाते.

वेळ नाही, पैसा नाही

'भाई, आमचा धंदा लहान, हे सारे मोठ्या कंपन्यांचे चोचले,' असे आम्हाला ऐकविले जाते. पोर्टेबल डिस्कच्या किमतीचा मुद्दा बाजूला ठेवू. कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२३-२४ चे विवरणपत्र भरण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, तर त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवे. त्याच कायद्याखालील ५७ वा नियम तर स्पष्टच सांगतो की, संगणकातील नोंदींचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी वेळात पुन्हा उभ्या करता याव्यात. 'फॉरमॅटमध्ये गेले साहेब' हे उत्तर तपासणीच्या टेबलावर टिकणार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. 'चालते आहे ना, मग बदलायचेच कशाला?' पाठिंबा संपलेली विंडोज बंद पडत नाही हे खरे. पण तिच्यातील नवी भोके बुजविली जात नाहीत. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे काम होते ते असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही. बदलाला आमचा विरोध नाही, बदल करावाच. आमचा आग्रह क्रमाचा आहे: आधी दप्तर, मग रंग.

आमची सूचना

दुरुस्ती करणाऱ्यांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. पावतीवर बारीक अक्षरात जबाबदारी नाकारण्यापेक्षा त्यांनी चार प्रश्न छापावेत: हिशेब कुठे आहेत? डेस्कटॉपवर काय आहे? फाँट हवेत का? नक्कल घेऊन तपासली आहे का? गिऱ्हाइकाने उत्तरे लिहून सही केल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. आमच्या स्नेह्यांना हे चार प्रश्न कोणी विचारले असते तर त्यांचे 'सगळे डी मध्ये आहे' हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला अडखळले असते.

आणि आपल्या बाजारांतील संघटनांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक गल्लीत संगणक शिकलेली दोन-तीन मुले-मुली आज आहेत. महिन्यातून एक दिवस ठरवून, दुकानागणिक नक्कल घेऊन ती तपासून देण्याचे काम त्यांच्याकडे वाजवी मेहनतान्यावर सोपवावे. मुलांना काम मिळेल, व्यापाऱ्याला शांत झोप लागेल. फक्त गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते आणि हिशेब ही त्यांची अमानत आहे, हे त्या मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे. नक्कल मालकाच्या डिस्कवरच राहावी, मुलाच्या पेनड्राइव्हवर नाही. जुनी डिस्क बदलली तर तीही दुकानात सोडून येऊ नये, मागून आणावी.

आमच्या छापखानदार स्नेह्यांनी आता नियम केला आहे. दर गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी नक्कल होते, आणि डिस्क त्यांच्या पिशवीतून घरी जाते. परवा त्यांना पुन्हा सदाशिव पेठेत जावे लागले, या वेळी प्रिंटरसाठी. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याने विचारले, "काका, डेटा?" ते म्हणाले, "घरी आहे, बाळा. कालच उघडून पाहिलाय. तू बेधडक कर तुझे काम."

असे बेधडक म्हणता येणे, हीच आपल्या दप्तराची खरी सुरक्षा होय. या आठवड्यात यंत्र पेठेत न्यायचे ठरविले असेल, तर ते एक दिवस पुढे ढकला आणि तो दिवस दप्तराला द्या.